मॅम नसलेला ग्रुप : ऑनलाइन शिक्षणावरच्या एका संशोधनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या एका वाणिज्य महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाच्या गळ्यात हल्ली पुस्तकांखेरीज दोन कामं असतात. प्रबंधांचे सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे मजकूर कुठून उतरवलाय का याची तपासणी, काढून द्यायचे आणि ‘रिसर्च सेल’ नावाच्या समितीत सहीपुरतं बसायचं. आमच्या सेलमध्ये उपप्राचार्य, अर्थशास्त्राचे एक सर आणि मी, असे तिघं. इथे सांगतोय ते प्रकरण २०२३-२४ या वर्षातलं. संबंधितांना विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, त्यातला एक बदल कुठे केला ते पुढे सांगावंच लागणार आहे.

या प्रकरणातल्या मॅडम टीवायबीकॉमला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, कॉस्टिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब) शिकवतात. त्यांची संध्याकाळची डिव्हिजन म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं नोकरी करणारी. कोणी एमआयडीसीत, कोणी मॉलमध्ये, कोणी कुरिअरला, कोणी वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात. कोविड ओसरून कॉलेज पुन्हा भरायला लागलं तरी या डिव्हिजनचे काही तास ऑनलाइनच ठेवले होते. त्याला कागदोपत्री आधारही होता : विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचं टिपण काढलं, त्यात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा असं सुचवलं होतं. खरा आधार मात्र ट्रान्सहार्बर लोकलचं वेळापत्रक. सातला रबाळ्याहून सुटणारा मुलगा साडेसातच्या तासाला वर्गात कसा पोचणार? गाडीत उभ्याउभ्या कानात इअरफोन घालून तो तास ऐकू तरी शकतो.

मॅडमची पीएचडी याच डिव्हिजनवर चालली होती. विषय : ‘उदयोन्मुख तंत्रज्ञान व समाजमाध्यमे यांचा ऑनलाइन अध्ययनातील सहभागावर होणारा परिणाम’. शीर्षकावर जाऊ नका, प्रबंधांची शीर्षकं अशीच असतात. योजना तशी सरळ होती. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या व्यवस्थेवर एक चर्चामंच, व्हॉट्सअॅपवर एक अधिकृत ग्रुप. आणि दर पंधरा दिवसांनी एक गणित चॅटजीपीटीला घालून त्याचं उत्तर कुठे चुकलं ते मुलांनी मंचावर लिहायचं. हा तिसरा भाग मला फार आवडला होता, कारण त्या वर्षी बाकी स्टाफरूम चॅटजीपीटीच्या नावाने नुसती बोटं मोडत होती.

सैद्धांतिक चौकट होती गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या तिघांची. २००० साली त्यांनी मांडलं की ऑनलाइन वर्ग उभा राहतो तो तीन प्रकारच्या उपस्थितीवर : विचारांची उपस्थिती, माणूस म्हणून एकमेकांपुढे असणं आणि शिकवणाऱ्याची उपस्थिती. शेवटच्या कलमात एक खुबी आहे. शिकवणाऱ्याची उपस्थिती म्हणजे शिक्षकच असं त्यात म्हटलेलं नाही, ते काम वर्गातलं कोणीही करू शकतं. मॅडमनी ही ओळ सारांशात लिहिली होती, मी वाचली होती, आणि आम्ही दोघंही तिच्यावरून पुढे गेलो होतो.

या चौकटीवर बेतलेली ३४ विधानांची एक प्रश्नावली आहे, २००८ ची. मॅडमनी ती मराठीत आणली. ‘सहाध्यायींशी असहमती व्यक्त करताना मला मोकळेपणा वाटला’ या विधानापाशी एका मुलाने मला लायब्ररीत येऊन विचारलं, “सर, म्हणजे भांडताना का?” मी म्हटलं, साधारण तसंच. त्याने ‘सांगता येत नाही’वर टिक केली. गुगल फॉर्मवर उभ्या असलेल्या आपल्याकडच्या किती प्रबंधांच्या पायाशी अशी टिक असेल, देव जाणे.

अडचण

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चर्चामंचावर जे जमलं त्यात ‘थँक यू मॅम’, ‘नोटेड मॅम’ आणि एकमेकांची उतरवलेली उत्तरं एवढंच होतं. अधिकृत व्हॉट्सअॅप ग्रुपची नोटीस बोर्ड झाली होती. तरीही चाचणीत प्रोसेस कॉस्टिंगची गणितं मुलांनी चक्क बरी सोडवली. नॉर्मल आणि अॅबनॉर्मल लॉस (नेहमीची घट आणि अनपेक्षित नुकसान) या दोघांत दरवर्षी अर्धा वर्ग गडबडतो, यंदा गडबडला नाही. मॅडमना आनंद व्हायचा तर त्या अस्वस्थ झाल्या. “मी यांना हे एवढं नीट शिकवलेलं नाही,” असं त्या मला म्हणाल्या. असं बोलणारे प्राध्यापक मी फार पाहिलेले नाहीत.

जानेवारीत एक मुलगा स्टाफरूमबाहेर थांबला. ऐरोलीचा, अबोल, चर्चामंचावर खरोखरच काहीतरी लिहिणाऱ्या दोनचार जणांपैकी. “मॅम, तुमच्या रिसर्चला उपयोगी पडेल,” म्हणाला आणि त्याने मॅडमच्या फोनवर एक फाइल पाठवली. मुलांचा एक दुसरा ग्रुप होता, ऑगस्टपासून चाललेला, साठेक जणांचा. ग्रुपचं नाव ‘टीवाय कॉस्टिंग – मॅम नाहीत’. त्यातल्या सगळ्या गप्पाटप्पा एक्स्पोर्ट करून त्याने आणून दिल्या होत्या.

व्हॉट्सअॅपची एक्स्पोर्ट केलेली फाइल कधी उघडून पाहिली नसेल तर सांगतो. साधा मजकूर असतो. प्रत्येक ओळीला तारीख, वेळ आणि माणसाचं नाव, तेही एक्स्पोर्ट करणाऱ्याच्या फोनमध्ये जसं सेव्ह केलेलं असेल तसं. त्यामुळे त्या फाइलमध्ये कोणी ‘झेरॉक्स’ होता, कोणी ‘जिमवाला कोपरखैरणे’, कोणी नुसतीच ‘ताई’. ज्यांचे नंबर सेव्ह नव्हते त्यांचे आख्खे दहा आकडे उघडे. मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केलं की फोटो आणि व्हॉइस नोट वगळले जातात, त्यांच्या जागी फक्त ‘मीडिया ओमिटेड’ एवढंच इंग्रजीत उरतं.

मॅडमनी ती फाइल त्याच रात्री उघडली आणि दोन वाजेपर्यंत वाचली. पहिला निर्णय तो. खरं म्हणजे निर्णय घ्यायचा तो क्षण त्यांच्या लक्षातच आला नाही, बोट टेकलं आणि फाइल उघडली. मी त्यांना दोष देत नाही. पाच वर्षं रिकाम्या मंचावर संशोधन करणाऱ्या माणसाच्या हातात भरलेला ग्रुप आला तर तो काय करणार?

आत काय होतं? रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला कोणीतरी गणिताचा फोटो टाकायचं. मग ‘ताई’च्या नावापुढे ‘मीडिया ओमिटेड’, पुन्हा ‘मीडिया ओमिटेड’, आणि त्याखाली ओळीने ‘समजलं ताई’, ‘ताई एक नंबर’, ‘ताई पुन्हा एकदा शेवटचं’. चॅटजीपीटीची उत्तरंही तिथे यायची, त्यावर ताई चुकलेल्या ओळीला लाल गोल काढून फोटो परत टाकायची, असं पुढच्या बोलण्यावरून कळत होतं. म्हणजे मॅडमनी मंचावर घडवायचा प्रयत्न केला ते सगळं इथे आपोआप घडत होतं. शिकवणं झाल्याच्या खुणा सगळीकडे होत्या, शिकवणं मात्र कुठेच नव्हतं. ते आवाजात होतं आणि आवाज फाइलमध्ये आलेलाच नव्हता.

बाकीचंही होतं. ‘मॅम पीपीटी वाचून दाखवते, ते तर मलाही येतं.’ एका मुलीच्या घरातली गोष्ट, जी तिने मध्यरात्री मैत्रिणींच्या भरवशावर लिहिली होती आणि जिचा कॉस्टिंगशी काही संबंध नव्हता. आणि डिसेंबरची इंटर्नल असाइनमेंट कोणी कोणाची उतरवली याचा नावानिशी हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम लायब्ररीत आल्या तेव्हा मी रजिस्टर उघडत होतो. “सर, माझ्याकडे डेटा आहे आणि तो माझा नाही,” म्हणाल्या.

समोर असलेले पर्याय

त्यांच्या गाइडचं मत फोनवरच कळलं : नावं काढ, नंबर काढ, वापर. त्यामागे वेळेची घाई होती. यूजीसीच्या नियमांत पीएचडीला सहा वर्षांची मुदत आहे. पुढे पुनर्नोंदणी आणि महिलांना वाढीव सवलत मिळते, पण त्यासाठी पुन्हा फायली हलवाव्या लागतात. मॅडमचं पाचवं वर्ष सरत आलं होतं.

सेलची बैठक उपप्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. चहा येण्याआधीच ते म्हणाले, “साठ जणांत बोललेलं खासगी कसं काय? चव्हाट्यावर बोलल्यासारखंच झालं.” युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. पण त्या चव्हाट्याच्या पाटीवरच ‘मॅम नाहीत’ असं लिहिलेलं होतं. बोलणाऱ्यांनी कोण ऐकणार नाही हे आधीच ठरवून घेतलं होतं, मग ऐकणारा नेमका तोच निघाला तर साठ काय आणि सहा काय.

अर्थशास्त्राच्या सरांचा पर्याय गाइडसारखाच, फक्त नेमका : प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्या, फाइल कुलपात ठेवा. इथे मी एक जुनं उदाहरण काढलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका विद्यापीठाच्या आख्ख्या बॅचची फेसबुकवरची माहिती, नावं काढून, इतर अभ्यासकांसाठी खुली केली. विद्यापीठाचं नावही दिलं नव्हतं. थोड्याच दिवसांत बॅचचा आकार आणि तिथेच शिकवल्या जाणाऱ्या विषयांची नावं यांवरून ते हार्वर्ड असल्याचं मायकेल झिमर या अभ्यासकाने ओळखून दाखवलं, आणि ती माहिती मागे घ्यावी लागली. आमची डिव्हिजन त्याच्या तुलनेत चिमूटभर. एपीएमसीत हिशेब लिहिणारी, तिशी उलटलेली, टीवायला शिकणारी बाई आमच्याकडे एकच, तीच ग्रुपवरची ताई. तिला क्रमांक १७ म्हटलं म्हणून ती लपेल?

कायद्याचंही बोलणं निघालं. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला होता, नियम यायचे होते (ते यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला). कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण अटींवर. त्यातली एक : त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबाबत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. ही अट वाचल्यावर केबिनमध्ये जरा शांतता झाली. कारण मॅडम नुसत्या संशोधक नव्हत्या, त्या मुलांचे इंटर्नलचे मार्क त्याच देणार होत्या, आणि कोणी उतरवलं हे त्यांना आता माहीत होतं.

वैद्यकीय संशोधनाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एथिक्स कमिट्या आहेत. आमच्यासारख्या कॉलेजात एथिक्स कमिटी म्हणजे तीन माणसं आणि चहाचे तीन कप. शेवटी ठरलं ते असं : फाइल वापरायची नाही, पुसून टाकायची. मुद्दा राहिला मुलांना सांगायचं की नाही याचा. उपप्राचार्य म्हणाले, गुपचूप पुसा, कशाला मधमाश्यांच्या पोळ्यात दगड मारायचा. मॅडम म्हणाल्या, मी वाचलंय, आणि न वाचल्यासारखी रोज त्यांच्यापुढे उभी राहू शकणार नाही. मी मॅडमच्या बाजूने होतो. आजही आहे. सांगण्याची रीत मात्र आम्ही धड ठरवली नाही, आणि त्याची किंमत मोजायला लागली.

काय केलं

मॅडमनी शुक्रवारच्या ऑनलाइन तासाच्या शेवटी सांगितलं. तुमच्या ग्रुपची फाइल माझ्याकडे आली होती, मी ती वाचली, चुकले, पुसून टाकली आहे. कोणी दिली ते सांगणार नाही. आणि लगेच त्याच दमात : तुमची हरकत नसेल तर मला या ग्रुपबद्दल तुमच्याशी बोलायला आवडेल.

कॅमेरे बंद, पडद्यावर नुसती आद्याक्षरांची वर्तुळं. कोणी बोललं नाही. एकाने ‘ओके मॅम’ लिहिलं.

त्या रात्री ग्रुपवर चोवीस तासांत मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू झाली. दोन दिवस कोणी दिलं, कोणी दिलं हेच चाललं होतं. ऐरोलीचा मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला, त्यामुळे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. आणि ताईने व्हॉइस नोट टाकणं थांबवलं. परीक्षेला तीन आठवडे होते. म्हणजे ज्या ग्रुपवर शिकणं कसं होतं याचा आम्ही अभ्यास करणार होतो, तो अभ्यासाच्या नुसत्या चाहुलीनेच बंद पडला. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण तेव्हा साठ मुलांचा रात्रीचा वर्ग बुडत होता.

ताई लायब्ररीत पुस्तक परत करायला आली ती पुढच्या आठवड्यात. काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, “सर, मॅमना सांगा, राग नाही. पण मी तिथे बोलत होते ते कोणी तपासत नाही म्हणून बोलत होते. चुकले तर चुकले. आता वाटतं, बोलताना जीभ चावावी लागेल.”

मी विचारलं, “त्या मुलाशी बोललीस का?”

“हो ना. ठाण्याला गाडीच्या दारात भेटला. तोंड लपवत होता. म्हटलं, अरे, विचारलं असतंस तर मीच दिलं असतं.”

या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. मॅडमनी मधल्या काळात दोन गोष्टी केल्या. डिसेंबरच्या असाइनमेंटला हात लावला नाही, मार्क ती फाइल येण्याआधी जसे मांडले होते तसेच दिले. पुढची असाइनमेंट मात्र सगळ्यांसाठीच तोंडी केली. मला हे अर्धं पटलं. ज्यांनी खपून स्वतः लिहिलं त्यांच्यावर तो अन्याय होता, आणि मॅडमना तो माहीत असून करावा लागला. दुसरा चांगला मार्ग मला तेव्हा सुचला नाही, आताही सुचत नाही.

मग आम्ही थांबलो. परीक्षा झाली, मार्क विद्यापीठाला गेले, त्यानंतरच परवानगी विचारली, आणि तीही मी विचारली. मॅडम त्या दिवशी कॉलेजात नव्हत्या. मराठीत एक पानाचा कागद केला : काय विचारणार, काय विचारणार नाही, नाही म्हटलंत तर मॅडमना कळणार नाही. शेवटची ओळ मुलांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावली.

सतरा जण तयार झाले. आता नवा गुंता : हो म्हणणाऱ्याचा मेसेज नाही म्हणणाऱ्याच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर असतो. अर्धं संभाषण कसं वापरणार? म्हणून मजकूर घ्यायचाच नाही असं ठरलं. मुलांनी वाचनालयाच्या कोपऱ्यात स्वतःचा फोन स्वतःच्या हातात धरून मागे मागे स्क्रोल करायचं, जुन्या मेसेजमधला आपला वाटा वाचून दाखवायचा, तेव्हा काय चाललं होतं ते सांगायचं. (पुसण्याची सोय चालू होण्याआधीचं शाबूत होतं.) दुसऱ्याचं बोलणं आलं की ‘कोणीतरी विचारलं’ एवढंच. मॅडम लिहून घेत. फोन त्यांच्या हातात एकदाही गेला नाही.

ताईने आपल्या व्हॉइस नोट ऐकायला दिल्या. मॅडम त्या एका फुकट संकेतस्थळावर चढवून मजकुरात उतरवून घेणार होत्या, मी अडवलं. आवाज कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जाऊन पडणार याचा पत्ता नव्हता. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं, आवाज मजकुरात उतरवणारं व्हिस्पर कॉम्प्युटर लॅबच्या एका मशीनवर, इंटरनेटची वायर काढून चालवलं. मराठी, हिंदी आणि कॉमर्सचं इंग्रजी एका वाक्यात आलं की त्याची भंबेरी उडायची, ‘घट’चा ‘घाट’ व्हायचा. शेवटी मॅडमनी हातानेच उतरवून काढलं. एका नोटमध्ये मागून ‘पुढील स्टेशन घणसोली’ अशी घोषणा ऐकू येते. नाव झाकायला निघालो होतो, इथे तर घरी परतायची गाडीसुद्धा कळत होती.

काय हाती लागलं

एक नोट इथे देतो.

“हे बघा, गाळ्यावर शंभर गोणी कांदा उतरला. कांदा सुकतो, थोडा सडतो, हे शेटला माहीतच असतं. भाव लावतानाच तो ती घट धरतो. म्हणजे सडलेल्याचा खर्च चांगल्या कांद्याच्या अंगावर गेला. हा नॉर्मल लॉस, त्याला वेगळा भाव नाही. आता ट्रक पावसात रात्रभर घाटात अडकला, आणि जास्तीच्या पंधरा गोण्या गेल्या. हे भावात धरलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकता येत नाही. चांगल्या गोणीला जो भाव पडला त्याच भावाने या पंधरा वेगळ्या लिहायच्या, सडका माल विकून आले ते पैसे वजा करायचे, राहिलं ते सरळ कॉस्टिंग पी अँड एलला (नफा-तोटा खात्याला). हा अॅबनॉर्मल. समजलं? नाही समजलं तर आत्ताच बोला, मी तुर्भ्याला उतरणार.”

पाठ्यपुस्तकात हेच तीन पानं घेतं. मॅडमनी ही नोट ऐकली आणि माझ्याकडे न बघता पुन्हा पहिल्यापासून लावली.

प्रबंधात ती जशीच्या तशी घालायची त्यांची फार इच्छा होती. मी सवयीने त्यातलं एक वाक्य सर्चमध्ये टाकून पाहिलं. व्हॉट्सअॅपचं बोलणं गुगलवर सापडत नाही, पण वर्गातल्या एका मुलाने ताईच्या आवाजावर इन्स्टाग्रामवर रील केलं होतं, खाली तेच वाक्य लिहून. पहिलाच निकाल तो आला. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जातो आणि जगाला खुला होतो. तिथून रील, रीलपासून कॉलेज, कॉलेजपासून ताई, ही दोन मिनिटांची वाट. रीलबद्दल ताईला सांगितलं तर ती हसली. “राहू दे, पोरांनी हौसेने केलंय.” पण रील ही पोरांची हौस आणि प्रबंध ही आमची जबाबदारी.

तेव्हा बदलाचं ते ठिकाण हेच. वरच्या नोटमधला कांदा मी घातलेला आहे. खरा माल वेगळा होता, तिचं कामाचं ठिकाणही वेगळं, आणि स्टेशनंही मी हलवली आहेत. हिशेब मात्र तिचाच. ही युक्ती माझी नव्हे. २०१२ मध्ये अॅनेट मार्कहॅम यांनी मांडलं की इंटरनेटवरच्या माणसांचं रक्षण करायचं तर उदाहरणं विचारपूर्वक रचून द्यावीत, तेही नीतीला धरूनच होईल. प्रबंधात मॅडमनी असंच केलं आणि पद्धतीच्या प्रकरणात तसं उघड लिहिलं. तोंडी परीक्षेत यावरून वाजलं. ‘मग हा डेटा खरा कसा म्हणायचा?’ असा प्रश्न आला. मॅडमनी हार्वर्डचं उदाहरण दिलं. समाधान झालं की जेवणाची वेळ झाली, ते मला सांगता येणार नाही.

निष्कर्ष काय निघाला? त्या २००० सालच्या चौकटीला पुष्टीच मिळाली, पण अवघड अर्थाने. शिकवणाऱ्याची उपस्थिती या वर्गात खरोखरच होती, आणि ती शिक्षकाची नव्हती. ती चौकट लिखित चर्चा वाचून बांधलेली होती. रात्री अकराला गाडीतून केलेली व्हॉइस नोट मोजायची कशी हे त्या ३४ विधानांत कुठेच बसत नव्हतं. चॅटजीपीटीचं उत्तर मुलांना उपयोगी पडत होतं ते त्यावर गोल काढणारं कोणी असल्यामुळे, असंही सतरांपैकी बहुतेकांच्या बोलण्यात आलं.

आणि ताईला दुसऱ्या एका विषयात केटी लागली, म्हणजे तो विषय राहिला. रात्री इतरांना शिकवण्यात वेळ गेला म्हणून लागली का? ती म्हणते, नाही, तेव्हा गाळ्यावर वर्षअखेर होती. मॅडमनी हा तपशील प्रबंधात घेतला नाही. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला होता, त्यावरून आमचा वादही झाला. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तो माझा मार्कशीटचा भाग, तुमच्या रिसर्चचा नाही.” इथे लिहायला मात्र तिने परवानगी दिली, का ते सांगितलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

फाइल घेऊन आलेल्या मुलाला तिथेच, स्टाफरूमच्या दारात, थांबवायला हवं होतं. “यात बाकीच्यांना विचारलंस का?” हा एकच प्रश्न पुरला असता, आणि तो मुलगाही वाचला असता. तो गुण मिळवायला आला नव्हता असं मला वाटतं. मॅडमच्या रिकाम्या मंचाची त्याला कीव आली असावी.

सांगणं आणि मागणं एकाच तासात करायला नको होतं. चूक कबूल केल्यावर लगेच परवानगी मागितली की कबुलीही मागणीचाच भाग वाटते. आणि ज्याच्या हातात मार्क आहेत त्याने मागितलेली परवानगी ही परवानगी नसतेच, मग तो कितीही भला असो. आम्ही हे पुढे केलं, पण आधी कळायला हवं होतं. परीक्षेच्या तोंडावर तर अजिबात बोलायला नको होतं. उपप्राचार्यांचं ‘गुपचूप पुसा’ मला आजही पटत नाही, पण ‘आत्ता नको’ एवढं तरी मी त्यांच्याकडून घ्यायला हवं होतं.

मूळ आराखड्यातही एक भोक होतं आणि ते आमच्या सेलने सही करून पास केलं होतं. विद्यार्थी शिक्षकाच्या नजरेबाहेर एक जागा करणार, हे कॉलेजात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. कट्टा असतो, कँटीन असतं, आता ग्रुप असतो. त्या जागेबद्दल एक ओळ तरी आराखड्यात असायला हवी होती : ती सापडली तर संशोधक काय करणार. आता आमच्या सेलच्या अर्जात तो रकाना आहे. बहुतेक जण तिथे ‘लागू नाही’ लिहितात आणि मी अर्ज परत करतो.

ऐरोलीच्या मुलाला परत ग्रुपमध्ये घेतलं ते ताईने, निकालानंतर. कोणी काही बोललं नाही म्हणे, एकाने फक्त अंगठा टाकला.

यंदाच्या पहिल्या ऑनलाइन तासाला मॅडमच्या पीपीटीच्या दुसऱ्या स्लाइडवर लिहिलं होतं : ‘तुमचा वेगळा ग्रुप असेलच. मला त्यात घेऊ नका.’ मुलं हसली असावीत, कॅमेरे बंद होते. त्याच रात्री एका अनोळखी नंबरवरून त्यांना ग्रुपची लिंक आली. सकाळी त्यांनी मला फोन पुढे करून दाखवला. लिंकवर बोट न टेकता खाली उत्तर टाकलेलं होतं : ‘चुकून आली वाटतं. अॅडमिनला लिंक रिसेट करायला सांग.’